जिभेखालची दोन मिनिटं

फोन वाजला तेव्हा ललितच्या जिभेखाली औषधाचे थेंब होते. सकाळची वेळ, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, आणि तो फ्रिजला पाठ टेकून, हनुवटी जराशी वर करून उभा. घशात मासोळी अडकलेल्या बगळ्यासारखा, असं प्रियदर्शनी म्हणायची. प्रियदर्शनी म्हणजे त्याची बायको. तिची शाळा सकाळची, ती केव्हाच निघून गेली होती. थेंब जिभेखाली सोडायचे, दोन मिनिटं तसेच धरायचे, मग गिळायचे, आणि तेवढ्या वेळात बोलायचं नाही, असा नियम होता. सरकारी कचेरीत अव्वल कारकून झालेल्या माणसाला नियम पाळण्यात एक शारीरिक सुख मिळतं, ते ललितला रोज सकाळी मिळत असे. फोनवर 'बाबा' अशी अक्षरं आली. त्यानं फोन उचलला, कारण बाबा सकाळी फोन करत नसत. खरं तर कधीच करत नसत. रविवारी ललितच अमरावतीहून अकोल्याला फोन लावायचा. जयभीम बाबा, जेवले का. जेवलो, तुमी? जेवलो. एवढं झालं की दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवून द्यायचे.

"जयभीम. ललित, मी बोलून राहिलो," बाबा म्हणाले. "आयकून राहिला ना?"

ललितनं नाकातून हं केलं.

"नत्थुजी गेल्यापासून इथं मन नाई लागत. संध्याकाळी चहा कोनासंग प्यावा हेच समजत नाई. डोयेबी आता साथ नाई देत. म्हटलं तुले इचारून पाहावं." बाबा थांबले. "तुमच्याकडं येऊ का राहाले? म्हंजे कायमचं."

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सहाच्या आकड्यावरून वर चढायला लागला होता. थेंबांची चव गोडसर होती, ग्लिसरीनची, आणि जिभेच्या मुळाशी नेहमीची बारीक खाज सुटली होती. बाबा वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यामागे अकोल्यातला एखादा भंगारवाला ओरडत गेला. थेंब आधी गिळले म्हणून माणूस मरत नाही, हे ललितला ठाऊक होतं. प्रवासात, घाईत, एकदा तर जिन्यावरून पाय घसरला तेव्हा त्यानं ते असेच गिळले होते, आणि काही झालं नव्हतं. आताही घशाची एक हालचाल पुरली असती. ती हालचाल करायची तयारी घशानं केलेली त्याला स्पष्ट जाणवली, आणि मग ती झाली नाही. काटा चढत राहिला. एकदा पुन्हा हं करावं असं वाटलं, पण कायमचं येऊ का, या प्रश्नाला नाकातून हं करणं बरं दिसलं नसतं, असा एक सभ्य विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

"बरं," बाबा म्हणाले. "राहू दे. मी असंच इचारलं. तू तब्येत पाह्य तुही." आणि फोन कटला.

ललित काटा बारावर येईपर्यंत थांबला. मग त्यानं गिळलं.

त्यांच्या घरात नाही म्हणायची पद्धत नव्हती. वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलतात अशी ख्याती आहे, आणि ती खरीही आहे. वस्तीत सगळे एकमेकांना दिवसभर काहीबाही तोंडावर सुनावत असत. पण ललितची आई, दुर्गाबाई, कुणाला नाही म्हणत नसे. नाही म्हणायचं असलं की ती गप्प राहायची. उसनं मागायला आलेला माणूस दारात उभा राहून बोलत राहायचा, आई तांदूळ निवडत राहायची, आणि थोड्या वेळानं तो माणूस समजून घेऊन निघून जायचा. बाबांनीही ती रीत उचलली, ललितनंही. आई जाऊन पाच वर्षं झाली तरी घराचा कायदा तोच होता. तेव्हा आज सकाळी बाबांनी जे ऐकलं ते काय होतं, याबद्दल शंकेला जागा नव्हती. त्यांनी अत्यंत स्वच्छ शब्दांत 'नाही' ऐकलं होतं.

त्यानं उलट फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबा रागावले म्हणून फोन उचलत नव्हते असं नाही; रागावणं त्यांना जमलंच नाही कधी. पोराला खोटी कारणं सांगावी लागू नयेत, म्हणून ते मेहेरबानी करून फोन उचलत नव्हते. मेहेरबानीची त्यांना सवय होती. त्यांचा जन्म धर्मांतराच्या पुढच्याच वर्षीचा, वस्तीत धर्मपाल नाव ठेवलेलं पहिलं पोर, आणि अशा नावाच्या माणसानं कुणाला अडचणीत आणायचं नसतं असं काहीतरी त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं असावं. ते जिनिंग मिलमध्ये कामाला होते. रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर. सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे उडायची, आणि मधे बाबा. हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवया, कानातले केस, मिशी, सगळं पांढरं असायचं, जसा काही सकाळी गेलेला तरुण माणूस संध्याकाळी म्हातारा होऊन परतला. ललित चार-पाच वर्षांचा असताना त्यांच्याकडे धावत जायचा आणि ते उचलून घ्यायचे. मग रात्री त्याला दम लागायचा. छातीत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवतं आहे असा आवाज यायचा. आईनं दोन्हीचा संबंध जोडला. तो जोडायला डॉक्टर लागत नव्हता; वऱ्हाडात खोकणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खोकल्याला कापसाचंच नाव असायचं. "बापाच्या आंगावरचा कापूस लेकराच्या छातीत जाऊन राहिला," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून बाबा घरात येण्याआधी नळावर जाऊ लागले.

थंडीतसुद्धा. नळ वस्तीचा, उघड्यावरचा. ते तिथं डोक्यावरून पाणी घ्यायचे, कपडे तिथंच झटकून पिळायचे, आणि ओल्या पंच्यानं येऊन उंबऱ्यावर उभे राहायचे. आत येत नसत. "काय शिकोलं आज शायेत?" असं उंबऱ्यावरून विचारायचे. ललित आतून सांगायचा. पाढे, कविता, पहिला नंबर, हे सगळं त्यानं उंबऱ्यावरच्या एका आकृतीला सांगितलं. मागून उजेड असल्यामुळे त्या आकृतीचा चेहरा नीट दिसत नसे. रात्री बाबा ओट्यावर झोपायचे. पुढे पुढे नळावर जाऊन आल्यावरही ते हात लावेनासे झाले. खांदा थोपटायचा असला तर हात वर यायचा, हवेत जरा थांबायचा, आणि स्वतःच्याच मानेमागं जायचा. ही हालचाल ललितला इतकी पाठ होती की कॉलेजातून सुवर्णपदक आणलं त्या दिवशी ती झाली तेव्हा त्याला वेगळं काही वाटलं नाही. बाप असाच असतो, मानेमागं हात असलेला, असं तो धरून चालला होता.

पोराची झोप मोडते म्हणून बाबांनी एक गादी करून आणली होती, तीही त्याला आता आठवली. घरातली ती पहिली आणि एकुलती गादी. आई सतरंजीवर झोपायची. मिलमधली चांगली लांब धाग्याची रुई साहेबाला विचारून मागून घेतली, पिंजाऱ्याकडे स्वतः बसून पिंजवून घेतली, निळ्या पट्ट्यांच्या कापडात भरून घेतली, आणि डोक्यावरून घरी आणली. नळाजवळ उतरवली, हात धुतले, मग आईकडे दिली. "नरम झोपलं पाह्यजे पोरगं." त्या गादीवर ललित रात्र रात्र बसून काढायचा. आई खिडक्या लावून घ्यायची, मिलकडची हवा येऊ नये म्हणून, आणि त्याच्याभोवती गोधड्या रचायची.

कार्यालयात त्यानं एका फाइलवर सही केली ती भलत्याच ठिकाणी. मधल्या सुट्टीत प्रियदर्शनीचा फोन आला, तेव्हा त्यानं तिला सांगितलं. बाबा येऊ का म्हणाले, माझ्या तोंडात थेंब होते, फोन कटला.

"मग गिळायचं होतं ना," ती म्हणाली.

"दोन मिनिटं धरायचे असतात."

"डॉक्टरीणबाईंनी बापाशी बोलू नका असं लिहून दिलंय का?"

ललित गप्प राहिला.

"हे बघा, माझ्यापुढं हे गप्प बसणं चालायचं नाही. मी तुमच्या घरची नाही, चांदूर रेल्वेची आहे. मला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा." तिच्यामागे पोरांचा गलका होता, त्यात तिनं कुणाला तरी, ए, खाली उतर, असं दटावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पायलची खोली रिकामीच आहे. पोरगी पुण्याहून आली की झोपेल माझ्याजवळ. तुम्हाला नको आहेत का ते?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ललितनं फोन ठेवला. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अकोल्याची एसटी धरली.

कसं, त्याचं उत्तर हातावर होतं. गेल्या वर्षी राजापेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला लावले, आतल्या बाजूवर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेजवळ एक थेंब टाकून सुईचं टोक टेकवलं, आणि बसा म्हणाल्या. थोड्या वेळानं काही खुणांजवळ डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. एक चांगली मोठी, लाल. एक मध्यम, ती गाजरगवताची. बाकी जागा कोऱ्या. मोठी कशाची म्हणून त्यानं विचारलं. धुळीतल्या किड्यांची, त्या म्हणाल्या, डोळ्यांना दिसत नाहीत, अंथरुणात राहतात, जुन्या गाद्या, उशा, गोधड्या. "आणि कापूस?" त्यानं विचारलं. त्यांनी मनगटाजवळच्या एका खुणेवर बोट ठेवलं. तिथं काहीच नव्हतं. शाईचा एक ठिपका, आणि खाली त्याची कातडी, शांत. "कापसाचं तुम्हाला काही नाही," त्या म्हणाल्या, जणू चांगली बातमी देताहेत. घरी येऊन त्यानं साबणानं हात धुतले, पण तो ठिपका पुसायला मन झालं नाही. दोन दिवसांनी तो आपोआप गेला.

मग थेंब सुरू झाले. ज्याचा त्रास त्याचाच थेंब, इतका कमी की शरीराला राग येऊ नये, रोज, न चुकता, तीन वर्षं. मग शरीर शिकतं की हे आपलंच आहे. डॉक्टरीणबाई हे समजावून सांगत असताना ललितच्या मनात आलं की दर रविवारचा फोन म्हणजे काय होतं. बाप जिभेखाली धरायचा, थोडा, नियमानं. फक्त ते औषध लागू पडत नव्हतं. दर तपासणीला त्या प्रश्न विचारायच्या. गेल्या आठवड्यात शिंकांमुळे झोप मोडली का. कामावरचं लक्ष उडालं का. चारचौघांत अवघडल्यासारखं झालं का. अजिबात नाही, थोडं, फार, यातलं एक सांगायचं. याला जीवनाची गुणवत्ता म्हणतात, असं त्यांनी सांगितलं, आणि सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही आपल्याला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जातो आहे याचं त्याला नवल वाटलं होतं. गुणवत्ता सुधारत होती. तो सरळ झोपू लागला, रुमालाशिवाय बाहेर पडू लागला. फोडणीचा वास, ओल्या मातीचा वास, बायकोच्या मानेचा वास, सगळे एकेक करून परत आले. आणि कापसाचं नव्हतं, हे बाबांना सांगायचं त्यानं दर रविवारी ठरवलं आणि दर रविवारी, जेवले का, असं विचारलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? की तुम्ही उगीच भिजलात? की उंबऱ्यावर उभं राहायची गरज नव्हती, आत आला असतात तरी चाललं असतं? आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती, ती प्रियदर्शनीला फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती. बाप आत आला तर त्याच्याशी काय करायचं असतं, हे ललितला माहीत नव्हतं.

मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना गाजरगवत फुललं होतं, पांढरं, निरागस. पुढे कापसानं भरलेली एक गाडी, वरून जाळी बांधलेली, आणि जाळीतून रुई निसटत होती. एसटीच्या उघड्या खिडकीतून ती आत येऊ लागली. ललितचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

शेजारी बसलेली बाई, मांडीवर संत्र्यांची पिशवी, त्याच्याकडे पाहत होती. "काहून भाऊ, कापसाले भेता का?"

"लहानपणी भीत होतो."

"मंग आता रुमाल काहून काढला?"

"सवय."

"सवयीले औषध नाई," बाई म्हणाली, आणि तिनं एक संत्रं सोलायला घेतलं.

त्यानं रुमाल परत ठेवला. रुईचा एक तंतू त्याच्या बाहीवर येऊन बसला होता. त्यानं तो चिमटीत धरून नाकाजवळ नेला आणि मुद्दाम श्वास घेतला. तेलकट, किंचित सरकीचा, उन्हात तापलेल्या पोत्याचा वास. काहीही झालं नाही. छाती स्वच्छ होती. हा बाबांचा वास होता, आणि तो त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी, बोरगाव मंजूच्या अलीकडे, परक्या बाईच्या शेजारी बसून कळत होता.

मिल बंद पडून खूप वर्षं झाली होती. तिथं आता लग्नाचं लॉन होतं, दारावर प्लास्टिकचे दोन हत्ती. वस्ती मागं होती तिथंच होती. बाबा ओट्यावर बसून वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचत होते. शेजारी, रोज संध्याकाळी चहाला येणाऱ्या नत्थुजींची प्लास्टिकची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. ललित अगदी जवळ येईपर्यंत त्यांना दिसला नाही. मग दिसला. ते उठले, एक शब्द न बोलता नळाकडे गेले, कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, गळ्यातला दुपट्टा काढून नळापलीकडे झटकला. दुपट्ट्यातून काहीच उडालं नाही. कोरड्या दुपारी एका म्हाताऱ्यानं स्वच्छ दुपट्टा नीट, दोनदा झटकला.

"आत जाऊन बस," ते म्हणाले. "उन्हातून आला."

ललित आत गेला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आईचा फोटो. त्याखाली दिवाण, आणि दिवाणावर तीच गादी, खोळ बदललेली, पण कोपऱ्यातून निळे पट्टे दिसत होते. तो तिच्यावर बसला. बाबा उंबऱ्यावर उभे राहिले. मागून उजेड होता.

"काहून आला? सकाळी फोन तं झाला."

"नाही झाला. तोंडात औषध होतं माह्या. बोलता नाही येत."

"असन. औषध आधी."

"गिळता आलं असतं, बाबा."

बाबांनी मान जरा वाकडी करून त्याच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. "मंग?"

"नाही गिळलं."

बाबांनी हे ऐकून घेतलं. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. एखाद्यानं हिशेब चुकला होता असं कबूल करावं आणि समोरच्यानं मान हलवावी, तसं ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "घर लहान असते. तुमालेबी तुमचं असते."

"ते नाही." ललितनं गादीवर दोन्ही तळवे टेकवले. "मले कापसाचं नव्हतं. डॉक्टरनं तपासलं. कापसाचं कधीच नव्हतं."

बाहेर नळ थेंब थेंब गळत होता. बाबांचा हात वर आला आणि मानेमागं गेला.

"कायचं होतं मंग?"

"धुळीतले किडे असतात. दिसत नाहीत. गादीत राहतात."

"कोनत्या गादीत?"

ललित काही बोलला नाही, आणि आपण पुन्हा तेच करतो आहोत हे लक्षात येऊन म्हणाला, "ह्या."

बाबा गादीकडे पाहत राहिले. डोळे कमी झालेला माणूस पाहतो तसं, सगळ्या चेहऱ्यानं. "हे भरून कोनं आनली होती?"

"तुमी."

"मंग झालं ना," बाबा म्हणाले. "कापूस नाई तं गादी. मीच ना. म्हंजे बाहेर निजलो ते बरोबरच निजलो."

हे ते विनोदानं म्हणाले की नाही हे ललितला कळलं नाही. उजेडामुळे तोंड दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांचा निकाल लागला होता, आणि आरोपीनं निर्दोष सुटायला नकार दिला होता. त्याच्या घशात सकाळची गोड चव परत आली.

"आमच्याकडं चाला," तो म्हणाला. "राहाले. कायमचं."

बाबांनी खिशातून डबी काढली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली, थापटली, आणि बोलायला तोंड उघडता उघडता ती खालच्या ओठात ठेवली. मग एक बोट वर केलं. थांब.

ललित थांबला. इथं घड्याळ नव्हतं, किंवा होतं ते बंद होतं. सकाळी बाबांनी फोनच्या त्या टोकाला जे ऐकलं होतं ते आता त्याला ऐकू येत होतं: दुसऱ्या माणसाचा श्वास, आणि त्यामागे आपलं काही देणंघेणं नसलेलं जग चालू असल्याचे आवाज. या घरात न बोलण्याचा अर्थ एकच होता. तो अर्थ त्यानं स्वतः सकाळी वापरला होता. तोंडात औषध असलेल्या माणसाला जे समजत नाही ते हे होतं, की वाट पाहणाऱ्याकडे नियम नसतो, किती वेळ थांबायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बाबांनी उंबऱ्यावरून पाय आत टाकला. दोन पावलं हातानं हवा चाचपडत आले, दिवाणाची कड त्यांच्या गुडघ्याला लागली, आणि ते ललितच्या शेजारी बसले. गादी त्यांच्या बाजूला दबली, ललित नकळत त्यांच्याकडे कलला, आणि त्याच्या खांद्याला एक हाडकुळा, नळाच्या पाण्यानं अजून ओला असलेला दंड लागला. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात गादीतून धूळ उठली. चाळीस वर्षांची असावी. ती सावकाश वर चढत होती, चकाकत होती, आणि ललितला नाकाच्या मुळाशी ती जुनी, ओळखीची खाज सुटलेली जाणवली. औषधाचं एकच वर्ष झालं होतं. अजून दोन बाकी होती. त्यानं जीभ टाळूला लावली, श्वास धरला. शिंक आली तर काय होईल हे त्याला माहीत होतं. हा माणूस उठेल. विचार न करता उठेल, नळावर जाईल, आणि पुन्हा आत येणार नाही.

त्यानं जमेल तेवढी धरली. मग ती आली.

बाबांचं वजन गादीवरून उठलं. दंड खांद्यापासून सुटला. ललितनं डोळे मिटलेलेच ठेवले. नळाच्या दिशेनं जाणाऱ्या पावलांचा आवाज ऐकण्यासाठी त्यानं सगळं अंग गोळा केलं. पावलं वाजली नाहीत. गादी पुन्हा दबली, त्याच जागी, आणि ओला दंड पुन्हा येऊन टेकला. थोड्या वेळानं पाठीवर, मानेच्या जरा खाली, एक हात पडला. तो हात थोपटत नव्हता, नुसता ठेवलेला होता. कुठं ठेवायचा असतो ते त्यालाही नक्की माहीत नसावं.

बाबांच्या तोंडात तंबाखू होती. त्यामुळे ते काही बोलले नाहीत.